हिरवी पट्टी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण अपेक्षाच्या दारावरची खडूची अक्षरं मी स्वतः पाहिली आहेत.

घर सोलापुरात, होटगी रोडला. गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्र नव्हती हो... भर दुपार होती.

घरात दोघीच. ऑनलाइन शिकवण्या घेणारी अपेक्षा आणि तिची आई चंद्रव्वा, तिची अव्वा. वडील शंकरप्पा, म्हणजे अप्पा, संक्रांतीनंतर गेले. त्यांनी जन्मभर आधी टायपिंग शिकवलं, मग कॉम्प्युटर. माउसला हात लावायचे नाहीत. "बोटं हायत की! उंदीर कशाला?" विंडोजचं बटण आणि आर दाबायचं. छोटी चौकट उघडते. तिच्यात नाव लिहिलं, की हवी ती सेटिंग थेट समोर. लेकीलाही तीच सवय.

त्या दुपारी पोरं ओरडली, "मॅडम, आवाज येईना!"

तिने चौकट उघडून लिहिलं...

mmsys.cpl

आवाजाची सेटिंग. त्यात माईकसमोर एक उभी पट्टी असते. कुणी बोललं की हिरवी होत वर चढते. अपेक्षाने माईकवर फुंकर मारली. चढली. बरं, माईक चालू होता.

शिकवणी संपली. तिने पंखा बंद केला.

पट्टी चढली.

खोलीत आवाज नव्हता.

चढली... उतरली. चढली... उतरली.

नाव घेऊन कुणी हाक मारावी तशी.

आणि आतून अव्वाने ओ दिली.

"बंदे री..."

म्हणजे कानडीत, आले हो. असं ती फक्त अप्पांना म्हणायची.

अपेक्षा धावली. अव्वा चपला घालून दाराची कडी काढत होती. बाहेर रस्ता तापून पांढरा पडलेला.

"अव्वा! कुटं निघालीस?"

"अप्पा बोलवायलेत की गं. तुला ऐकू येईना व्हय?"

हात धरून आत आणली. पाण्याचा तांब्या दिला. माईकची वायर उपटली.

पट्टी चढतच होती.

दुधनीला, अव्वाच्या माहेरी, दारांवर कोळशाने लिहिलेलं असायचं... नाळे बा. उद्या ये. आपल्या माणसाच्या आवाजात जे हाक मारतं, ते आपलं माणूस नसतं. दारात येतं, वाचतं, परत जातं. अपेक्षाने खडूने तेच दारावर लिहिलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा पट्टी. पुन्हा अव्वाच्या पायात चपला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं...

ते दारातून येतच नव्हतं.

तिने विंडोज आणि आर दाबलं.

nale ba

एंटर.

असं काही सापडत नाही, नाव नीट तपासा, असं कॉम्प्युटर म्हणाला.

पट्टी खाली पडली.

"गेले की," अव्वा म्हणाली आणि चपला काढून रडत बसली.

मग रोज तेच. चौकट शेवटचं लिहिलेलं लक्षात ठेवते. नुसतं उघडायचं, एंटर मारायचं. उद्या ये. उद्या ये.

गुरुवारी भर दुपारी लाईट गेली.

पडदा काळा.

पट्टी दिसेना. चौकट उघडेना.

आतून फक्त... "बंदे री."

अपेक्षाने कुलूप लावलं, किल्ली ओच्यात खोचली आणि अव्वाला मिठी मारून जमिनीवर बसली. अव्वा ओढत होती. सत्तरीच्या बाईत एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. "सोड गं! किती दिवस उन्हात उभं करायचं त्यांना?"

ऊन उतरलं तेव्हा लाईट आली.

एका हाताने अव्वाचं मनगट धरूनच तिने कॉम्प्युटर चालू केला. चौकट उघडली. तिच्यात तिचं वाक्य असायला हवं होतं.

नव्हतं.

naale bartini

उद्या येतो.

अव्वाला लिहिता येत नाही. लाईट गेल्यापासून कॉम्प्युटर बंद होता. आणि 'नाळे' लिहिताना दोनदा ए दाबायची सवय अप्पांचीच.

"अप्पाच असतील तर?" अपेक्षाने मला विचारलं. "मी त्यांनाच हाकलत होते का?"



ती चौकट तिने अजून पुसलेली नाही, एंटरही मारलेलं नाही.

अव्वा आता निवांत झोपते. हाक येत नाही म्हणते.

फक्त झोपायच्या आधी चपला उंबऱ्याकडे तोंड करून ठेवते.

"उद्या म्हणालेत की."