डबक्यातली पळसाची फांदी

"एक, दोन, तीन... पाणी उडवा!"

प्रफुलने जोरात पायडल मारलं आणि सायकल थेट डबक्यात घातली. तान्ह्या पोळ्याची सुट्टी, नुकताच उघडलेला पाऊस आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर पसरलेलं ते तांबडं, घोट्याभर वाटणारं पाणी! त्याच्या मागे अरीबा, मग दामिनी आणि सगळ्यात शेवटी दामिनीचा आठ वर्षांचा भाऊ रिंकू.

पण पाणी उडालंच नाही. सायकलचं पुढचं चाक खाली गेलं आणि जातच राहिलं! प्रफुल हँडलवरून पुढे फेकला गेला.

"दामिनी! माहा पाय! खालून कोणी ओढून राह्यलं!"

प्रफुल सोंगं फार करायचा, पण असा पांढराफटक चेहरा काही सोंगाचा नव्हता.

"रिंकू, तिथंच थांब! एक पाऊल पुढे टाकू नको!"

अरीबाने ओढणीचं टोक प्रफुलकडे फेकलं. "दोन्ही हातांनी धर!" दोघींनी टाचा रोवून जीव खाऊन ओढलं, तेव्हा कुठे तो बाहेर आला. मग कॅरियर धरून सायकलही ओढली. प्रफुलच्या एका पायात चप्पल नव्हती.

"त्यात मगर हाये का?" रिंकूने हळूच विचारलं.

"डबक्यात मगर? येडा हायेस का बे!" प्रफुल म्हणाला खरा, पण त्याचे दात वाजत होते.

अरीबाने कुंपणातला बांबू आणून पाण्यात खुपसला. बांबू गेला, गेला, तिच्या मुठीपर्यंत गेला!

"बाप रे! आणि ते पाहा तिकडं!"

रस्त्याच्या पलीकडे, खालच्या नाल्यात एक निळी चप्पल गिरक्या खात चालली होती.

"माही चप्पल! पण ती तिकडं कुठून गेली?"

दामिनी चपलेकडे पाहत राहिली. रस्त्याखाली नाल्याची मोरी होती. "मोरी फुटली," ती पुटपुटली. "खालची माती वाहून गेली. पाणी रस्त्याखालून जाऊन राह्यलं."

"म्हणजे आपण उभे हाओत तेही पोकळ?" अरीबाने विचारलं.

चौघेही मागे सरकले, जणू काचेवरून चालत होते.

आणि मग दामिनीला आठवलं. चार वाजता तान्हा पोळा! गावातली सगळी चिल्लीपिल्ली चाकाचे लाकडी नंदी ओढत ह्याच रस्त्याने शाळेच्या मैदानावर जाणार. डबकं दिसलं की त्यातून नंदी नेल्याशिवाय कोण राहतंय! साडेतीन तर वाजले होते.

तेवढ्यात मोटारसायकल आली. रस्त्याच्या कामावरचा मुकादम, सुनिलभाऊ. डबक्याजवळ त्याने गाडी एकदम हळू केली आणि अगदी गवताच्या काठाने, पाय टेकत टेकत नेली.

"भाऊ, इथी भगदाड हाये!" दामिनी ओरडली.

"कायचं भगदाड! साधं डबकं हाये. सणाच्या दिवशी गावात बोंब मारू नका, सांगून ठेवतो!" आणि तो गावाकडे निघून गेला.

"साधं डबकं, तर मग काठानं काऊन गेला?" अरीबा म्हणाली.

"तुम्ही दोघं इथंच उभे राहा, कोणाले येऊ देऊ नका!" दामिनीने रिंकूला पुढे घातलं आणि सायकल गावाकडे दामटली.

चावडीपुढे नंदी सजले होते, पोरं रांगेत उभी होती. सरपंच मैनाबाईंनी तिचं सगळं ऐकलं. शेजारीच उभा असलेला सुनिलभाऊ हसला, "पोट्ट्यांचा खेळ हाये, बाई."

"चला, पाहूनच येऊ," मैनाबाई म्हणाल्या. "पोरं इथंच थांबतील."

मोठी माणसं डबक्यापाशी पोहोचली, मागोमाग दामिनी आणि रिंकूही. पाणी शांत, आभाळ दाखवणारं. सुनिलभाऊने हात पसरले, "पाहा! हाये काही?"

"काहीच नाई न?" प्रफुल एकदम साळसूदपणे म्हणाला. "मग भाऊ, तुमची गाडी मधातून न्या न एकदा!"

सुनिलभाऊचा हात गाडीवर गेला आणि तिथेच थांबला. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"मी... मी निशाणी लावली होती न, परवाच! पळसाची फांदी! कोणी काढली ते मले का माहीत!"

रिंकू हुंदके देऊ लागला. "मी काढली! मले मेढा वाटला!"

पोळ्याला गावात दारोदारी पळसाच्या फांद्या रोवतात. त्यांनाच म्हणायचं मेढे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरं 'घेऊन जा गे मारबत!' ओरडत एकूण एक मेढा उपटतात आणि शिवेबाहेर फेकतात. मारबतीनं गावातली रोगराई सोबत न्यावी म्हणून.

"रोगराई राहिली असती म्हणून काढली," रिंकू रडत म्हणाला. "आता पोलीस नेतील का मले?"

मैनाबाई सुनिलभाऊकडे वळल्या. "पोळ्याच्या तोंडावर पळसाची फांदी? ह्या गावात कोण ठेवील तिले? दोन दोरखंडं बांधायला तुमचे हात दुखत होते का?"

सुनिलभाऊची मान खाली गेली. कोणीतरी लांबून लोखंडी सब्बल रस्त्यावर आपटली. धप्प! बैलगाडीएवढा रस्ता डोळ्यांदेखत खाली बसला. खाली काळं पाणी घुसळत होतं. बाया किंचाळल्या.

मैनाबाईंनी रिंकूला जवळ घेतलं. "रडू नको. तू तर गावाच्या रीतीनं वागला, आणि सगळ्यांसमोर खरं बोलला. आणि ह्या तिघांनी आज अख्ख्या गावाची लेकरं वाचवली!"

रस्त्याला दोर बांधला गेला, रात्रीसाठी कंदील आणि पहारेकरी ठरले. तान्हा पोळा दुसऱ्या वाटेने, तलावाच्या पाळीवरून निघाला आणि प्रफुल, अरीबा, दामिनी सगळ्यांच्या पुढे चालले.

"ताई, कॉलर सोड न! नंदी ओढू दे!" रिंकू कुरकुरत होता.

"ओढ न. मी कुठं नाई म्हणते?" दामिनी म्हणाली.

पण तिची मूठ काही सुटेना.