उजवीकडची गाठ

ऊर्मिलाला खरं तर आकाशपाळण्यात बसायचंच नव्हतं. पण जर्मनीतल्या रेगेन्सबर्गची डुल्ट, म्हणजे इथली वर्षातून दोनदा होणारी जत्रा, ऑगस्टअखेरीला भरली की श्रीधरदादाच्या अंगात येतं. तो आणि मुक्तावहिनी पुढच्या डब्यात बसून वर गेलेसुद्धा. ऊर्मिला मागे राहिली, आणि पाळणेवाल्याने रांगेतल्या एका एकट्या माणसाला तिच्यासमोर बसवून दार लावून टाकलं.

तो हृषिकेश निघाला. दादाच्याच कारखान्यातला इंजिनिअर.

 

एप्रिलमध्ये हाच माणूस दर रविवारी त्यांच्याबरोबर भटकायला यायचा. केलहाइमच्या बोटीत त्याने तिच्या डब्यातली सगळी थालीपीठं संपवली होती आणि वर दही नाही म्हणून कुरकुर केली होती. मग मे महिन्याची डुल्ट आली. ऊर्मिलाने आयुष्यात पहिल्यांदा डिर्न्डल घातला, तो इथला ॲप्रनवाला झगा. दुसऱ्या दिवसापासून स्वारी 'अगं'वरून एकदम 'अहो'वर! आणि रविवारी त्याला नेमकी कामं निघू लागली. काय बिघडलं, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

आज पुन्हा तोच डिर्न्डल होता, आणि सोमवारी हृषिकेश स्टुटगार्टला कायमचा चालला होता.

"नवीन नोकरी म्हणे तुमची," ती म्हणाली. 'तुमची'वर जरा जोरच दिला.

"हो... सोमवारपासून. तुम्ही कशा आहात?"

"मजेत."

पाळणा वर चढत होता. खालून साखरेत घोळलेल्या बदामांचा वास येत होता. बारीक भुरभुर सुरू झाली होती, आणि तो डोनाऊकडे अशा एकाग्रतेने बघत होता, जणू ती नदी आजच आली होती.

"आणि... ते कसे आहेत?" त्याने अखेर विचारलं.

"ते कोण?"

"म्हणजे— तुमचं ज्यांच्याशी ठरलंय ते."

पाळणा नेमका टोकावर थांबला.

"माझं ठरलंय? आणि मलाच पत्ता नाही?"

हृषिकेशने तिच्या कमरेकडे बोट दाखवलं. "ॲप्रनची गाठ. मेमध्येही उजवीकडे होती, आजही आहे. इथे उजवीकडे गाठ म्हणजे मुलगी कोणाची तरी झालेली, डावीकडे म्हणजे मोकळी. ऑफिसातल्या फ्राऊ हूबरनी सांगितलं मला."

ऊर्मिला बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला.

"अरे देवा... ती आईने बांधली होती! आली होती ना ती मेमध्ये. मी डावीकडेच बांधत होते, तर हातावर चापट मारली. म्हणाली, नवं कापड पहिल्यांदा अंगाला लावतेस आणि डाव्या बाजूला गाठ? तेव्हापासून तीच सवय लागली."

"म्हणजे अख्खा उन्हाळा मी रविवारी घरी बसून फरशा पुसल्या त्या गाठीपायी—"

"विचारायचं होतंस!"

"ठरलेल्या मुलीला काय विचारणार?"

"निदान अभिनंदन तरी करायचं."

तो चष्म्यावरचे थेंब उगाच पुसत राहिला.

"ते... तोंडातून निघेना," तो म्हणाला.

आता ऊर्मिलाला डोनाऊ बघावीशी वाटू लागली. पण तिने तसं केलं नाही. गाठ सोडली, ओढून डावीकडे आणली आणि बांधली.

"घे. आता विचार."

पाळणा हलला, खाली यायला लागला. हृषिकेशला घाई करणं भाग होतं.

"ऊर्मिला, तू मला आवडतेस. थालीपीठांच्या आधीपासून. रविवारी... येऊ का मी? स्टुटगार्टहून ट्रेन आहे."

"ट्रेन उशिरा येतात."

"शनिवारीच निघेन."

खाली दादा-वहिनी बदामांची पुडी घेऊन उभे दिसत होते.  ऊर्मिलाने पुन्हा गाठ सोडली आणि उजवीकडे बांधली, आईने बांधली होती तशी, घट्ट.

"म्हणजे?" हृषिकेशचा आवाज पडला. "म्हणजे काय समजू मी?"

पाळणेवाल्याने दार उघडलं. ऊर्मिला उतरली आणि वळून म्हणाली, "तुझ्या फ्राऊ हूबरना विचार."