हिरवे डोळे

"भूत असेल तर आपल्या तिघांना बघून तेच पळेल, आणि नसेल तर आपल्याला पळायचं कारण नाही," वकील कुजबुजली.

शेजारची ही मुलगी इतके वाद घालायची, की सगळी गल्ली तिला वकीलच म्हणायची. टाचणी आणि तिचा धाकटा भाऊ गोट्या सुट्टीसाठी मामाकडे आले होते. दिवेलागणीची वेळ होती आणि तिघं जिन्याखाली, मोठ्या मामांच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या दाराशी दबा धरून बसली होती. मोठे मामा थंडीत वारले, तेव्हापासून दुकानाला कुलूप होतं. दाराला वरच्या बाजूला एक काच होती. टाचणी स्टुलावर चढली आणि आत डोकावली.

आत मिट्ट काळोख. मग एकाएकी भिंतभर मांडलेल्या चष्म्यांच्या काचांत हिरवे ठिपके उमटले. विझले. पुन्हा उमटले. भिंतभर कुणीतरी डोळ्यांची उघडझाप करत होतं.

गोट्याची बोबडीच वळली. पळ काढावा असं टाचणीलाही फार वाटलं, पण प्रश्न मोठ्या मामीचा होता. खिडकीतून तो उजेड दिसल्यापासून मामीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. "त्यांचा जीव कशात तरी अडकलाय गं," ती टाचणीला म्हणाली होती, "आणि कशात ते मला कळत नाहीये." धाकट्या मामाने ते हसण्यावारी नेलं होतं. सगळे मनाचे खेळ आहेत, असं म्हणून त्याने किल्ली खिशात टाकली होती.

ती किल्ली वकीलबाईंनी दुसऱ्या दिवशी बाहेर काढली. मामाच्या शेजारी बसून तिने मोठा सुस्कारा सोडला आणि सांगितलं, की धाकटे मामा दुकानात जायला घाबरतात अशी गल्लीत कुजबुज आहे, आपला मात्र त्यावर अजिबात विश्वास नाही हं. मामाचे कान लाल झाले. संध्याकाळी तो सगळ्यांच्या पुढे जिना उतरला. मागून भिंतीला धरून धरून मामीही आली.

दार करकरलं. आतून धुळीचा वास आला आणि सगळे डोळे एकदम उघडले. मामा मागे सरकला तो थेट गोट्याच्या पायावर. टाचणीने मात्र नीट पाहिलं. सगळे डोळे एकाच वेळी मिटत होते. म्हणजे चमकणारी वस्तू एकच असणार, बाकीच्या काचा नुसत्या तिची नक्कल करत होत्या. उजेडाच्या मागावर ती चाचपडत टेबलाशी गेली. नजर तपासायच्या अक्षरांच्या पाटीखाली एक जुना फोन उभा करून ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा दिवा लुकलुकत होता.

फोनला दिवा? तिघांनीही असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. गोट्याने मामाचा नवाकोरा फोन उलटासुलटा करून बघितला. त्याला तसला दिवा कुठेच नव्हता.

मामी खुर्चीत बसली. "कुणाचा फोन येऊन गेला की हा दिवा लागायचा," ती हळू आवाजात म्हणाली. गिऱ्हाइकाची नजर तपासताना खोलीत अंधार करावा लागे. मध्येच घंटी नको, म्हणून मोठे मामा आवाज कायमचा बंद ठेवायचे आणि दिवा दिसला की उलट फोन करायचे. नव्या फोनला दिवा नाही म्हणून त्यांनी हा कधी बदललाच नाही. मामांच्या मागे तो बंद पडून होता. गेल्या आठवड्यात मामीच्या मुलाने, म्हणजे दादाने, त्यातले फोटो काढून घ्यायला किल्ली मागून नेली होती, हे धाकट्या मामाला आता आठवलं. फोन चार्जिंगला लावून दादा कॉलेजच्या नादात साफ विसरला होता.

एवढ्यात फोनचा पडदा उजळला. आवाज नाही. नुसतं नाव आलं, 'बोका'.

"त्यांचा लहानपणचा दोस्त," मामी पुटपुटली. तिने खूण केली, तसं टाचणीने बटण दाबलं आणि आवाज मोठा केला.

"उचललास एकदाचा," एक म्हातारा आवाज खोलीभर घुमला. "किती दिवस बंद लागत होता. आता वाजतो, तर तू उचलत नाहीस. एवढा राग? अरे, तू दिलेला चष्म्याचा नंबर बरोबर होता रे. माझ्या डोळ्यांतच मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, तेव्हा कळलं. उगाच तुला चार लोकांत वाटेल ते बोललो. बोल की काहीतरी, शिव्या दे हवं तर."

टाचणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो माणूस मेलेल्या माणसाशी बोलत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. तिने फोन मामीपुढे धरला.

"भावजी, मी बोलतेय," मामी म्हणाली. "हे गेले. थंडीतच गेले. तुम्हाला कुणी कळवलंच नाही."

 पलीकडून हुंदका आला आणि मामीही रडू लागली. धाकटा मामा मान खाली घालून उभा होता. दादाने कळवलं असेल, असं त्याला वाटलं होतं. दादाला काय वाटलं होतं? काकाने कळवलं असेल! या 'असेल'पायी एक म्हातारा रोज त्या बंद दुकानात फोन करत राहिला होता.

मुलं हळूच बाहेर येऊन पायरीवर बसली. आत बोलणं लांबत गेलं आणि मध्येच मामी चक्क हसली. मोठे मामा गेल्यापासून ती हसली नव्हती. धाकटा मामा मुलांपाशी आला. "शाब्बास रे. मोठ्यांनी करायचं काम तुम्ही केलंत," तो ओशाळून म्हणाला.

थोड्या वेळाने मामी डोळे पुसत बाहेर आली. भावजी रविवारी येणार होते. तिने तिघांनाही जवळ घेतलं.

"त्यांना लहानपणापासून ओळखणारं माणूस आता हे एकच उरलंय," ती म्हणाली. "तेवढं तुम्ही मला मिळवून दिलंत."