सायोच्या घासाएवढ्या नूडल्स

“कापताय?… नूडल्स कापताय तुम्ही?”

टेबलापलीकडून आवाज आला आणि माझ्या हातातली छोटी कात्री थांबली. जपानमधल्या फुजिनोमिया गावातल्या त्या दुकानात शनिवारी दुपारी अशी गर्दी असते की अनोळखी माणसं टेबलात बसवलेल्या एकाच तव्यावर समोरासमोर बसून आपापला याकिसोबा, म्हणजे कोबी घातलेल्या नूडल्स, परततात. पण म्हणून कुणी दुसऱ्याच्या बशीत डोकावत नाही!

“चार वर्षांची आहे माझी सायो. घशात अडकलं म्हणजे?”

“अहो, मी नूडल्सच्या कारखान्यात आहे. या लांब निघाव्यात म्हणून पहाटेपासून राबतो… आणि तुम्ही खुशाल कात्री चालवता?”

“मग तिकडे बघा.”

तो कुठला बघतोय! मोचिझुकी त्याचं नाव. पुढच्या शनिवारी पुन्हा समोर हजर.

“पाणी आत्ता नको, सायोच्या आई… थांबा… हं, आता!”

वाफ उसळली. पलीकडे हा हसतोय, आणि सुक्या मासळीचा भुगा सायोच्या नाकाला लावून तिलाही हसवतोय. नुसता वैताग! त्यात माझा याकिसोबा इतका छान कधीच झाला नव्हता, हा आणखी एक वैताग.

सायोचे बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तिला काही कळलं नाही. आता मात्र कळेल… म्हणून तर मी कुणाला जवळ फिरकू देत नव्हते.

सहाव्या शनिवारी तो आला नाही. सायोनं समोरच्या जागेवर टोपी ठेवली, कुणाला बसू देईना, घास घेईना. सातव्या शनिवारीही तेच. मी तिच्यावर चिडले, तव्यावर चिडले, आणि दार सरकलं की हटकून तिकडे वळणाऱ्या माझ्या मानेवर तर फारच.

आठव्या शनिवारी स्वारी धापा टाकत आली. हातात पिशवी.

“होतात कुठे?” माझा आवाज चढलाच. “यायचं तर नीट येत जा, नाहीतर येऊच नका! ही वाट बघत बसते. समजूत मला काढावी लागते!”

“शिक्षा झाली होती… दोन्ही शनिवार जादा पाळी.” त्यानं पिशवी उघडली. आत बोटाच्या पेराएवढ्या नूडल्स. “यंत्राची पाती बदलून बघितली. अख्खा घाणा आखूड निघाला. मालक अजून ओरडताहेत.”

“कुणी सांगितले होते असले उद्योग?”

“कुणीच नाही. हिचा घास बघून माप ठरवलं. पाच शनिवार तेच तर बघत होतो… म्हणजे— तेवढंच नाही. तुमच्याकडेही…”

त्याचे कान लालभडक. तव्यावर कोबी करपत होता आणि मला तो हलवायचं सुचत नव्हतं.

“हे शनिवारी इथं भेटणं आता पुरे,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. इतकं मंद असावं माणसानं!

“बुधवारी घरी या. सहाला. आणि उशीर केलात ना… तर दार उघडणार नाही मी.”