फ्यूज कुणाकडं?

अरविंद रेग्यांची शिडाची होडी दिवाळे गावाच्या खाडीकाठी लाकडी टेकूंवर उभी होती. जेमतेम वीस फुटांची, फायबरची, आत माणसाला धड उभंही राहता येऊ नये अशी. शहाण्णव सालच्या डिसेंबरात तिचं वायरिंग नव्यानं करायला त्यांनी हौसेरावाला बोलावलं. हौसेराव मूळचा साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात हेड वायरमन; रविवारी असली बाहेरची कामं घ्यायचा. खाऱ्या हवेनं तारांतलं तांबं हिरवं पडलं होतं. जुन्या तारा उपसून नव्या ओढायच्या, चार रविवारांचं काम. करंट बॅटरीचा, बारा व्होल्टचा. त्यानं मुंगीसुद्धा मरत नाही.

रेगे स्वतः हाताखाली राबायचे आणि थर्मासमधला पहिला चहा हौसेरावाला द्यायचे. असा साहेब त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता. म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं त्यांना वायरमनची रीत शिकवली. ज्यानं फ्यूज काढला त्यानं तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. तारेला हात लावणाऱ्यानं आधी ओरडून विचारायचं, फ्यूज कुणाकडं? ‘माझ्याकडं’ असं उत्तर आल्याखेरीज तारेला शिवायचं नाही.

रीत सांगताना त्याची जीभ जरा अडखळली. पाच वर्षांपूर्वी कारखान्यात त्याचा गाववाला ज्योतिबा पॅनेलमागून असंच विचारत होता. हौसेरावानं चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज गुपचूप जागेवर बसवला आणि मग ‘माझ्याकडं’ म्हणाला. हेडची जागा ज्योतिबाला मिळणार होती. एक झटका बसेल, चार लोक हसतील, गड्याची मिजास उतरेल, एवढंच त्याच्या मनात होतं. ज्योतिबा जागीच गेला. चौकशीत हौसेराव म्हणाला, “त्यानं विचारलंच न्हाई, साहेब.” हयगय मेलेल्याच्या माथी लागली, त्याची बायको पुतळा दोन पोरी घेऊन गावी गेली, आणि जागा हौसेरावाला मिळाली. त्यानंतर त्याला झोप चांगली लागायची, हेही सांगून टाकलेलं बरं.

दुसऱ्या रविवारी हौसेरावाला आपण घातलेल्या जोडांवरची चिकटपट्टी उलटी गुंडाळलेली दिसली. डावखुरा माणूस गुंडाळतो तशी. ज्योतिबा डावखुरा होता. हौसेरावानं सगळे जोड सोडवले आणि पुन्हा नीट बांधले.

तिसऱ्या रविवारी ते पुन्हा उलटे झालेले होते. काठावर जवळा वाळत घालणारी गोजरा बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “तुमचा दुसरा मानूस डावरा हाय ना? रोज येतो.”

दुसरा माणूस नाहीच, असं त्यानं सांगितलं. गोजरानं होडीकडे पाहिलं, टोपली उचलली आणि जवळा पार पलीकडच्या खडकावर नेऊन पसरला.

रेग्यांना सांगावं, काम सोडावं, असं त्याला फार वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं. जोडांचं सांगायला जावं, तर ज्योतिबा कोण हेही सांगावं लागलं असतं. आपल्या हातानं खाजवून खरूज कोण काढणार?

चौथ्या रविवारी त्यानं सावधगिरीची कमाल केली. बॅटरी स्वतः उचलून बेलापूरच्या गॅरेजात चार्जिंगला ठेवून आला. होडीत करंट येणार कुठून? तरीही त्यानं बोटाच्या पेराएवढा काचेचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर बटण लावलं.

भर दुपार होती. ओहोटीच्या चिखलाचा वास सुटला होता. शेवटचा जोड मी घालणार, असं म्हणून रेगे हसत पुढच्या टोकातल्या पोकळीत सरपटत शिरले. त्यांचे फक्त तळवे दिसत होते.

आतून आवाज आला, “फ्यूज कुनाकडं, हौसा?”

रेगे त्याला हौसेराव म्हणायचे. हौसा म्हणणारा एकच होता.

हाताला खिशातला फ्यूज लागला. बॅटरी बेलापूरला होती. तरी त्याला ओरडायचं होतं, हात लावू नका, बाहेर या.

“माझ्याकडं,” तो म्हणाला.

या वेळी ते खरं होतं.

आत काहीतरी एकदाच आपटलं.

पाय धरून बाहेर ओढलं तेव्हा रेगे गेलेले होते; हातांचे दोन्ही पंजे कोळशासारखे झाले होते.

हवालदार फळीवर बसून पंचनामा लिहीत होता. तारेला हात लावण्याआधी साहेबांनी विचारलं होतं का, असं त्यानं विचारलं. हौसेराव रडत होता. रेगे, ज्योतिबा, पुतळा, आज सगळं ओकून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

“त्यांनी विचारलंच न्हाई, साहेब.”

हवालदारानं तसं लिहून घेतलं.

“आणि फ्यूज कुणाकडं होता?”

हौसेरावानं खिशाचं बटण काढून आत हात घातला. बाहेर आला तो पांढरा, चिनी मातीचा, मुठीएवढा फ्यूज. अजून गरम होता.