चिरलेली घंटा

तो दुसऱ्यांदा तिच्या दारावरून गेला, तेव्हा तिला हसू आवरेना.

"इमारत गोल आहे. असेच चालत राहिलात तर संध्याकाळपर्यंत फिरतच राहाल. कोण हवंय?"

"क्ष-किरणांखाली धातू बघणाऱ्या बाई..."

"मीच. पण बाई नका म्हणू, म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

तो घंटा ओतणाऱ्या घरातला. वडिलांनी ओतलेली मोठी घंटा वर्षाच्या आत चिरली होती. तिचा नखाएवढा तुकडा त्याने रुमालात बांधून आणला होता. प्रचंड यंत्रातून येणारा, केसाहून बारीक किरण ती त्या तुकड्यावरून फिरवी. पडद्यावर तांबं आणि कथील वेगवेगळ्या रंगांत उमटे. त्याचं लक्ष मात्र भलतीकडेच.

"काय बघताय?"

"नमुना."

"नमुना तिकडे आहे."

"हो? मला वाटलं..." तो कानापर्यंत लाल झाला.

आठवडाभर तो रोज आला. चहा, चेष्टा, उगाचच लांबलेल्या गप्पा... मग चित्र पूर्ण झालं. चिरेभोवती पोकळ्याच पोकळ्या! धातूचा रस पुरता तापायच्या आत ओतला होता.

त्याचा चेहरा उतरला. "बाबांची नजर अधू झालीय. रसाचा रंग कळत नाही त्यांना, पण कबूल करत नाहीत. उद्या ते येतील... थंडीनं तडकली म्हण ना. माझ्यासाठी."

तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होता. ती दिवसभर त्यातच होती.

दुसऱ्या दिवशी वडील आले, खुर्चीत टेकले आणि थेट म्हणाले, "पोरी, माझा हात चुकला का?"

खिडकीशी उभा असलेला तो तिच्याकडे बघत होता.

"हो काका. रस थंड होता."

त्यांनी मान डोलावली, "बरं," म्हणाले आणि उठले. त्यानंतर त्यांनी भट्टी पेटवली नाही.

महिन्याभराने तो तुकडा न्यायला आला.

"काका कसे आहेत?"

"कुणाशी बोलत नाहीत."

"माझं... चुकलं का रे?"

"नाही ना, तेच तर!" तो कसंनुसं हसला. "चुकलं असतं, तर एव्हाना तुला माफ करून टाकलं असतं. आणि जे विचारायचं होतं, ते विचारलंही असतं."

"मग विचार की आता..."

त्याने मान हलवली. रुमालाची गाठ मारली आणि निघाला.

खोटं तिला बोलवलं नसतंच. पण काकांजवळ बसून, हात हातात घेऊन सांगता आलं असतं... आधी चहा तरी विचारायचा! ती धावत दाराशी आली, हाक ओठांवर आली—

दारात दुसरंच कुणीतरी नमुन्याची डबी घेऊन उभं होतं.

"या," ती म्हणाली.