पिंपाच्या कडेवरून फिरलेला तळवा

बसा हो, टेका पाठ. धाकू पेडामकराची गोष्ट सांगतो. हसू येईल अशी नाही, आधीच सांगून ठेवतो.

माणसाच्या पोटातलं विष कुणाच्या हातून आलं, हे दवाखान्यात कळायला लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आपल्या तळव्यावर बारीक जंतू नांदतात. ज्याचा त्याचा गोतावळा वेगळा. हात लागेल तिथं थोडे मागं राहतात. मरतात, पण त्यांचं अंग तेलकट रसायनाला चिकटतं आणि रसायन जाईल तिथं जातं. मातीत, विहिरीत, माणसाच्या आतड्यात. ह्याला म्हणायचे हातखूण. कायदाही झाला होता, ज्याची जेवढी खूण तेवढी त्याची जबाबदारी.

धाकू रसायनाच्या कंपनीत गाळाच्या पिंपांना झाकणं लावायचा. हातमोजे मिळायचे, पण मोज्यातून झाकण बसलं की नाही ते कळत नाही. म्हणून जुने लोक मोजा काढून उघडा तळवा कडेवरून फिरवायचे. धाकूसारखा तळवा कुणाचा नव्हता. साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे त्याला. पिंपांचा ट्रक जायला हवा शहराकडं, गाळ निर्विष करायच्या कारखान्यात, तो वळायचा मागच्या डोंगराकडं. धाकूला जागेवरून दिसायचं. कोळंबीच्या तळ्यावर दुसरं काम मिळत होतं, चुलतभाऊ बोलावून थकला. पण कंपनीची खोली, दिवाळीचा बोनस. सुटेना.

मग त्याच्या बायकोचं, सुगंधाचं, लिव्हर सडायला लागलं. सगळ्या वाडीला पाणी त्या डोंगराचंच.

हातखूण शोधून काढणाऱ्या डॉक्टर मुळगुंदबाईंनीच तिला तपासलं. धाकूला बाजूला घेतलं.

"धाकूभाऊ, खूण तुमची आहे."

"नवऱ्याचीच असणार ना बाई. दुसऱ्या कुणाची असती तर घोळ होता."

"ही गाळाला चिकटलेली आहे."

धाकूचं हसू गेलं. "मी नुसतं झाकण लावतो हो. भरणारा वेगळा, नेणारा वेगळा."

"ट्रक कुठं जातो, माहीत होतं?"

धाकूनं तळवा विजारीला पुसला. मग म्हणाला, "दिसायचं."

खाटेवरून सुगंधा ओरडली, "काय कुजबुजताय? नाव सांगा मेल्याचं, शिव्या तरी घालते!"

"माझं," धाकू म्हणाला.

शिव्या बक्कळ यायच्या तिला. एक दिली नाही. भिंतीकडं तोंड केलं.

कंपनी तरी बंद पडेल म्हणून धाकू कोर्टात उभा राहिला. "हात माझा, साहेब. जबरदस्ती कुणाची नव्हती, नोकरी मीच धरली. मला काय ती शिक्षा द्या. आणि आता मालकाला विचारा."

कंपनीच्या वकिलानं मुळगुंदबाईंना विचारलं, "मालकांची खूण सापडली?"

"नाही. ते शेडमध्ये कधी उतरलेच नाहीत."

"मग सगळा वाटा कामगारांचा झाला की, बाई. तुमच्याच यंत्राप्रमाणं."

 बाहेर आल्यावर बाई धाकूला म्हणाल्या, "यंत्राला हात दिसतो, हुकूम दिसत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं." धाकूनं आपला तळवा पाहिला. हात तर त्याचाच होता.

सुगंधा गेली. धाकूची नोकरी गेली. मालक सुटला, कंपनी चालूच आहे, आणि पिंपांवरच्या जागेसाठी फाटकावर रांग लागली. त्या रांगेतून निवडला कोण, तर सुगंधाचा सख्खा भाऊ जन्या. आज संध्याकाळी तो धाकूकडं आला.

"दाजी, राग धरू नका. तळवा कसा फिरवायचा तेवढं दाखवा."

"अरे, तुझ्या बहिणीला कशानं खाल्लं?"

"कळतंय हो. पण मी नाही गेलो तर मागचा जाईल. आणि इतकी वर्षं तुम्ही केलंतच ना?"



जन्या उद्या सकाळी कामावर चढणार आहे. धाकूचं तो ऐकायचा नाही, आणि धाकू कोणत्या तोंडानं सांगणार? तुम्ही परके आहात, तुमचा हात त्या पिंपाला लागलेला नाही. तेवढं उठा, जन्याच्या घरी जा आणि बोला त्याच्याशी.